निवारा विस्तार : कामाच्या नोंदी

११ जानेवारी

शेजारचा पट्टा अखेर हातात आला. कागद झाले, मोजणी झाली, खुणेचे दगड रोवून झाले. जमीन देणाऱ्या आजींची एकच अट आहे : दोन वर्षांच्या आत ती वापरात आली पाहिजे. रास्त आहे. पडून राहिलेल्या जमिनीचं पुढे काय होतं ते त्यांनी पुष्कळ पाहिलंय.

बातमी फुटल्यापासून फोन थांबत नाहीत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, ‘आता किती जनावरं मावतील?’ जागेत किती मावतात हा हिशेब सोपा, म्हणून सगळे तोच करतात. आमचा हिशेब हातांचा आहे. अमेरिकेतल्या निवारा-पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१० साली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दर जनावरामागे रोज किमान १५ मिनिटं हा आकडा दिलाय. ९ मिनिटं साफसफाईची, ६ खाऊ घालण्याची. आज आपल्याकडे कुत्री ६२. म्हणजे ९३० मिनिटं, साडेपंधरा तास. यात औषधं आली नाहीत, फिरवणं आलं नाही, गोचिड्या काढणं आलं नाही. पगारी माणसं तीन. त्याच तिघांना ९ गायीबैल, १४ शेळ्या, ५ मेंढ्या आणि ४ गाढवंही बघायची असतात. स्वयंसेवक आले तर निभतं. नाही आले तर काय राहून जातं ते नाकालाच कळतं.

म्हणून ठरलं की पहिल्या टप्प्यात संख्या वाढवायची नाही. आधी विलगीकरण, मग पाणी आणि नाल्या, मग शेळ्या-गाढवांचं मोकळं आवार आणि शेवटी कुत्र्यांचे नवे केनेल. बैठकीत दोघांनी तोंडं वाकडी केली. देणगीदारांना दाखवायला केनेल बरे दिसतात, हे मलाही कळतं.

१६ जानेवारी

मिस्त्रींबरोबर पट्टा पायी फिरून पाहिला. वरून सपाट वाटतो, पण पूर्वेच्या कोपऱ्यात लव्हाळा दाट माजलाय. मिस्त्रींनी पायानेच दाखवलं, ‘ताई, हा इथे उगाच येत नाही. इथे पाणी थांबतं.’ नळी लावून पातळी बघितली. कोपरा खरोखरच सगळ्यात खाली.

आता पेच असा. विलगीकरणाचं सांडपाणी निरोगी जनावरांच्या बाजूला वाहता कामा नये, म्हणजे ते उतारावर सगळ्यात खाली हवं. आणि सगळ्यात खाली तर पाणी साचतं. बराच खल झाला. शेवटी असं ठरलं की कोपराच घ्यायचा, पण जोतं जमिनीपासून दीड फूट उचलायचं आणि त्याचं पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात सोडायचं. मुख्य नाल्याशी त्याचा संबंध ठेवायचा नाही. भरावाचा खर्च वाढेल. वाढू दे.

२ फेब्रुवारी, रविवार

नव्या स्वयंसेवकांची पहिली बैठक. अपेक्षेपेक्षा खूपच जास्त मंडळी आली, बसायला सतरंज्या पुरल्या नाहीत. निम्म्या लोकांना पिल्लांशी खेळायचं होतं आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलंही. त्यांना तितक्याच प्रामाणिकपणे सांगितलं की सुरुवात फावड्यापासून होते. पहिला महिना झाडलोट, भांडी, पाणी, चारा तोडणं. त्यात जो टिकेल तो जनावराला हात लावेल.

कुत्र्यांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची आगाऊ लस घ्यायचीच, यात सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून हा क्रम सोपा केलाय : पहिल्या दिवशी आणि त्यानंतर सातव्या दिवशी, दोनच फेऱ्या. एका मुलाने विचारलं, ‘मग चावलं तरी चालेल ना?’ नाही. चावलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची आणि पुढचे डोस घ्यायला जायचंच. आगाऊ लसीचा फायदा असा की पुढचे डोस कमी लागतात आणि जखमेत द्यायचं सीरम लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही नोंदवहीत लिहायचं.

जाता जाता एक गृहस्थ थांबले. निवृत्त हिशेबनीस आहेत. म्हणाले, ‘मला कुत्र्यांची भीती वाटते, पण वह्या लिहून देईन.’ आजच्या गर्दीतला सगळ्यात कामाचा माणूस बहुधा हाच.

१० फेब्रुवारी

देणगीदारांच्या याद्या लावत बसलो. केनेलसाठी पैसे द्यायला लोक तयार आहेत. गाढवांच्या छपरासाठीही दोघे पुढे आले. नाली, शोषखड्डा, पाण्याची पाइपलाइन यांना मात्र कोणी वाली नाही. नालीवर कोणाला आपलं नाव नको असतं, यात त्यांची चूकही नाही.

आमच्या हिशेबनीस काकांनी तोड काढली. एका केनेलची किंमत सांगताना नुसत्या भिंती, जाळी आणि पत्रे धरायचेच नाहीत. त्या केनेलच्या वाट्याची नाली, पाणी, वीज आणि तिथल्या जनावराचं वर्षभराचं खाणं-औषध मिळून एकच आकडा सांगायचा. आकडा ऐकून काही जण दचकतील, तर दचकू देत. नाहीतर भिंती उभ्या राहतात आणि आतल्या जिवाच्या खाण्यासाठी दर महिन्याला आपण दारोदार.

दुसरं, ज्या कामासाठी देणगी आली त्याच कामाला ती लागेल. प्रत्येकाचं वेगळं पान, वेगळी पावती. पैसे उरले तर विचारल्याशिवाय दुसरीकडे वळवायचे नाहीत. काकांनी वहीच्या पहिल्या पानावर हे लाल शाईने लिहून ठेवलं आणि माझी सही घेतली.

१९ फेब्रुवारी

जोत्याचा भराव दाबून झाला, आज काँक्रीट पडलं. उतार मीटरला २ सेंटीमीटर, सगळा मागच्या नालीकडे. नाली खोलीच्या बाहेर ठेवलीय, म्हणजे एका खोलीचं पाणी दुसरीतून जाणार नाही. घोटून गुळगुळीत केलेली फरशी दिसायला छान, पण ओल्या फरशीवर कुत्र्याचे पाय चारी दिशांना जातात. म्हणून काँक्रीट ओलं असतानाच वर खराटा ओढून रेघा पाडल्या. भिंत आणि फरशी जुळते तो कोपरा गोलाई देऊन भरला. काटकोनात घाण अडकते आणि तिथवर ब्रश पोचत नाही.

एवढा सोस कशासाठी, असं एका देणगीदार ताईंनी विचारलं. पार्व्होसाठी. पिल्लांना रक्ती जुलाब लावून मारणारा हा विषाणू सावलीतल्या दमट मातीत वर्षभरसुद्धा तग धरतो, आणि मातीचं निर्जंतुकीकरण करता येत नाही. फरशीचं करता येतं. आधी घाण खरवडून साबणाने धुवायचं, मग एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी ओतून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घाणीवरच ब्लीच ओतलं तर ब्लीच वाया जातं आणि विषाणू तसाच राहतो. ताईंनी हे मन लावून ऐकलं आणि मग विचारलं की भिंतीला रंग कोणता देणार.

निदान सात दिवस पाणी मारायचंय. तान्ही म्हणून जी कॉलेजची जोडी येते तिच्याकडे हे काम दिलं. नाव मी नाही ठेवलेलं, दोघांपैकी एक सारखी तहान लागली म्हणते त्यावरून पडलंय.

३ मार्च

जाळी आली आणि परत गेली. मागवली होती दोन बाय चार इंची घरांची, आली सहा बाय सहाची. पुरवठादाराचं म्हणणं, ‘शेळीच आहे ना, कुठे जाणार?’ शेळी कुठे जात नाही, हाच तर त्रास आहे. सहा इंची घरात शिंगवाल्या शेळीचं डोकं आत जातं आणि शिंगं मागे वळलेली असल्याने बाहेर येत नाही.

पुरावा आमच्याकडेच आहे. बंड्या नावाचा बोकड जुन्या कुंपणात रोज अडकतो. पलीकडचं गवत अलीकडच्यासारखंच असतं, तरी त्याला पलीकडचंच हवं. अडकला की ओरडत नाही, तसाच उभा राहून रवंथ करतो. मग कोणीतरी जाऊन त्याची हनुवटी वर करायची, डोकं तिरकं फिरवायचं, एक शिंग आधी काढायचं, मग दुसरं. सुटला की दोन पावलं चालून पुन्हा त्याच भोकापाशी. पुरवठादाराचा माणूस उभा होता तेवढ्यात हे सगळं झालं. जाळी निमूट परत घेऊन गेला.

काटेरी तार कुठेही नाही. स्वस्त पडते खरी, पण बिथरलेलं गाढव तिच्यात शिरलं की अंगाची चाळण होते.

९ मार्च, रविवार

श्रमदान. कुत्र्यांच्या आवाराभोवती चर खणला. कुंपण सहा फुटी, वरचा भाग आतल्या बाजूला झुकता. पण कुत्री वरून जितकी पळतात तितकीच खालून. म्हणून जाळी खाली आतल्या बाजूला दोन फूट आडवी वळवून मातीखाली पुरली. कुत्रं कुंपणाच्या मुळाशीच उकरतं, आणि तिथे जाळी लागली की सोडून देतं. दोन फूट मागे सरून उकरायचं बहुतेकांना सुचत नाही. आपल्याकडची राणी अपवाद निघेल अशी मला शंका आहे.

फाटक दुहेरी. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

आज शिकलेली गोष्ट : स्वयंसेवकांना ‘मदत करा’ म्हटलं की सगळे एकाच ठिकाणी गोळा होतात. प्रत्येकाच्या हातात कागद द्यायचा, त्यावर जागा, हत्यार आणि कुठवर खणायचं ते. दुपारच्या जेवणापर्यंत चर पुरा झाला.

१७ मार्च

तीन गाढवांसाठी फोन. काम बंद पडलंय, मालकाला ती सांभाळायची नाहीत. रागाचा माणूस नव्हता, हतबल होता. ‘तुमची जागा वाढलीय असं ऐकलं,’ म्हणाला.

घेता येत नव्हती. आवाराला कुंपण नाही, छप्पर नाही. गाढवाचं अंग घोड्यासारखं पाणी झटकत नाही, पाऊस आत मुरतो. छपराविना गाढव ठेवणं म्हणजे आजार विकत घेणं. आणि तिघांतलं एकच आधी घेऊ, असाही मार्ग नाही. गाढवं जोडीने जगतात. सोबती तुटला की खाणं टाकतात, आणि खाणं टाकलेल्या गाढवाच्या रक्तात चरबी चढत जाते. वेळीच लक्षात आलं नाही तर ते दगावतं. डॉक्टर तर म्हणतात की गाढवांतला एक मेला तर दुसऱ्याला थोडा वेळ त्याच्याजवळ राहू द्यावं, वास घेऊ द्यावा.

तोडगा असा की गाढवं दोन महिने आहेत तिथेच राहतील. चारा आपण पोचवू, खुरं कापणारा आपण पाठवू. खुरांना दर सहा ते दहा आठवड्यांनी हात लागायला हवा. फोटोत दिसतंय त्यावरून यांना वर्षभर लागलेला नाही, पुढची टोकं चपलेसारखी वर वळलीत. मालक तयार झाला. चाऱ्याचा भार एका देणगीदाराने उचलला, नाव न सांगण्याच्या अटीवर.

समाजमाध्यमांवर कोणीतरी लिहिलं की जागा असूनही नकार देतात. उत्तर दिलं नाही.

२८ मार्च

पत्रे आणि लोखंड दोन्ही महागलं. ठरलेल्या पैशात केनेलचं छप्पर बसत नाही. बैठकीत सूचना आली की चाऱ्याच्या शिलकीतून तात्पुरते घेऊ, पुढच्या महिन्यात भरून काढू. तीन महिन्यांचा चारा आणि औषधं यांची शिलक कायम ठेवायची हा जुना नियम आहे, आणि तो अशाच बैठकांसाठी केलेला आहे. छप्पर थांबेल. पत्र्याची वाट भिंत बघू शकते.

६ एप्रिल

वस्तूंच्या रूपातल्या देणग्यांचा ढीग आवरला. कामाच्या गोष्टी : जुने टॉवेल, चादरी, रद्दी, झाकणाचे डबे, एक चालू स्थितीतलं वजन यंत्र (हे सोन्याहून पिवळं, आजवर औषधाची मात्रा अंदाजाने ठरत होती). बिनकामाच्या : मुदत संपलेली औषधं, बिया-पानांची माहिती नसलेली झाडं, एक तुटका सोफा. आणि शेळ्यांसाठीचं खनिज मिश्रण पोत्याने आलं. शेळ्यांना ठीक, पण आपल्या मेंढ्या त्याच गव्हाणीत खातात. मेंढीला त्यातलं तांबं सोसत नाही, ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस एकदम विष होऊन बाहेर पडतं. पोत्यावर ठळक लिहिलं, ‘मेंढ्यांना नाही’, आणि मेंढ्यांची गव्हाण आजपासून वेगळी.

काकांनी ‘काय हवं’ची यादी करून दारावर लावली. खाली ‘काय नको’चीही लावली. दुसरी लावताना मी कचरत होते. पण लोकांनी तीच आधी वाचली आणि कोणालाही वाईट वाटलं नाही.

१४ एप्रिल

पाण्याचा हिशेब. दूध न देणारी मोठी गाय साध्या हवेत दिवसाला ३० ते ६० लिटर पिते, उन्हात त्याहून जास्त. गाढव १० ते २५. गायीबैल ९, येणारी धरून गाढवं ७. नुसतं पिण्याचंच उन्हाळ्यात सातशे लिटरच्या पुढे जातं, आणि धुण्याला त्याहून किती तरी अधिक लागतं. जुनी टाकी यात कुठेच बसत नाही. नवी पाच हजार लिटरची उंचावर बसवली. पिण्याची आणि धुण्याची पाइपलाइन वेगळी. विलगीकरणाला स्वतःचा नळ, स्वतःची नळी, स्वतःचा खराटा, सगळ्याला लाल पट्टी. लाल पट्टीची वस्तू कोपऱ्याबाहेर दिसली तर ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, मग समोर मीच का असेना.

टाकीसाठी एका शाळेतल्या मुलांनी खाऊच्या पैशातून वाटा दिला. चिल्लर मोजायला काकांना संपूर्ण संध्याकाळ लागली. पावती मात्र त्यांनी रुपया-आण्यापर्यंत बिनचूक दिली.

२५ एप्रिल

केनेलच्या आराखड्यावर डॉक्टरांशी बसले. ठेकेदाराने समोरासमोर दोन रांगा काढल्या होत्या, मधे वाट. जागेची बचत होते. पण समोरासमोर तोंडं आली की एक भुंकतं, मग सगळी भुंकतात. पत्रे आणि काँक्रीट आवाज परतवतात, आणि अशा बंदिस्त जागेत आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. तिथे काम करणाऱ्याचे कान जातात आणि घाबरट कुत्रं अजून घाबरट होतं. रांगा पाठीला पाठ लावून ठेवल्या, तोंडं बाहेरच्या आवाराकडे. प्रत्येक खोलीचा अर्धा दर्शनी भाग बंद, म्हणजे ज्याला लपायचंय त्याला लपता येईल.

खोलीच्या मापावरून घासाघीस चालली. कमीत कमी किती पुरेल, असा ठेकेदाराचा प्रश्न. १९६५ साली ब्रिटनमध्ये ब्रँबेल समितीने शेतीतल्या जनावरांसाठी एक कसोटी सांगितली होती : उठता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग साफ करता यावं, पाय ताणता यावेत. साठ वर्षांपूर्वी ती किमान होती. आपण तिथेच थांबायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं. आराखड्यात एका रांगेतली एक खोली कमी झाली आणि उरलेल्या रुंदावल्या.

५ मे

विलगीकरण वापरात आलं, आणि तेही ठरवण्याआधीच. पहाटे फाटकाशी खोक्यात दोन पिल्लं. एक अंग टाकलेलं, शेपटीखाली सगळं रक्ताळलेलं पातळ. तो वास एकदा घेतला की विसरत नाही, डॉक्टरांनी चाचणीची पट्टी उघडायच्या आधीच मान हलवली. पार्व्हो.

यावर विषाणू मारणारं हमखास औषध नाही. शरीर झुंजेपर्यंत त्याला धरून ठेवायचं, म्हणजे सलाईन, उलटीचं औषध, ऊब. धडधाकट पिल्लू चिंधीतून नाक काढून पाहत होतं. दुसऱ्याची हिरडी बोटाने दाबली तर पांढरी पडून तशीच राहायची, रंग परत यायला वेळ लागायचा.

कामाचा क्रम आजपासून पाळायचा : आधी पिल्लं आणि गाभण्या, मग निरोगी मोठी, मग बाकीचे आजारी, सगळ्यात शेवटी लाल पट्टीचा कोपरा. तिथून बाहेर आलेल्याने त्या दिवशी पुन्हा बाकीच्या जनावरांत जायचं नाही. ही जबाबदारी पगारी माणसांपैकी मावशींनी मागून घेतली. त्यांच्या घरी कुत्रं नाही, म्हणून.

१३ मे

अंग टाकलेलं पिल्लू तिसऱ्या रात्री गेलं. दुसरं खातंय. मोठ्या आवारात एकही जुलाब नाही. १४ दिवस पुरे झाल्याशिवाय खूश व्हायचं नाही असं डॉक्टर म्हणतात.

१९ मे

गाढवं आली. चंपी, तिची मोठी मुलगी आणि एक म्हातारा नर. खुरांना दोन महिन्यांत दोनदा कापणारा लागला. एकदम सगळं कापलं तर पायाचा कोन बिघडतो, म्हणून थोडं थोडं. गाडीतून उतरायला चंपीने साफ नकार दिला. ओढायचं नाही हे आधीच सांगून ठेवलं होतं. गाढव हट्टी नसतं, विचार करत असतं. फळीवर पेंढा टाकला, पाण्याची बादली ठेवली आणि सगळे लांब सरलो. म्हातारा आधी उतरला, मग दोघी.

म्हातारा फार खंगलाय, फासळ्या मोजता येतात. स्वयंसेवकांना पोतंभर खाणं घालायची घाई. उपाशी जनावराला एकदम भरपूर आणि पिठाळ खायला दिलं तर रक्तातला फॉस्फरस कोसळतो आणि जनावर खाऊनच मरतं. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, साधा वाळलेला चारा. मालक फाटकाशी बराच वेळ उभा होता. जाताना त्याने चंपीची म्होरकी स्वतःबरोबर नेली.

१० जून

पहिला मोठा पाऊस. छत्री घेऊन सगळ्या नाल्यांवरून फिरले. विलगीकरणाचं जोतं कोरडं, शोषखड्डा घोटाघोट पितोय. लव्हाळ्याच्या जागेत घोट्याएवढं पाणी, पण ते भिंतीला शिवत नाही.

गाढवांच्या फाटकाशी मात्र राडा झाला. जनावरं दिवसभर तिथेच उभी राहतात, कारण खाणं तिथून येतं. खुरं चिखलात राहिली की कुजतात. वरून नुसती खडी टाकायची सूचना आली, पण खडी चिखलात बुडते. आधी वरचा चिखल काढायचा, मग पाणी झिरपणारं जाड कापड, त्यावर मोठी खडी, वर बारीक. कापड एका देणगीदाराच्या गोदामात पडून होतं, संध्याकाळी आलंच.

१५ जून, रविवार

स्वयंसेवकांना शेळीच्या डोळ्याची पापणी वाचायला शिकवली. हिमॉन्कस नावाचा जंत पोटात रक्त पितो, पावसाळी गवतात तो फार. अंगठ्याने खालची पापणी हळूच ओढायची आणि आतला रंग तक्त्याशी ताडून बघायचा. लालभडक म्हणजे १, कागदासारखा पांढरा म्हणजे ५. दक्षिण आफ्रिकेत बनवलेला हा ‘फमाचा’ नावाचा तक्ता. ज्यांचा ४ किंवा ५ येतो त्यांनाच औषध. सरसकट सगळ्यांना दर वेळी पाजत राहिलं की जंतच औषधाला दाद देत नाहीत. पावसात उभं राहून शिकले सगळे. तान्ही जोडीतली मुलगी सगळ्यात पटकन शिकली. तिने एका शेळीला ४ म्हटलं, डॉक्टरांनीही ४ म्हटलं. बंड्या १. त्याचं डोकं नव्या जाळीत जात नाही, म्हणून दिवसभर जाळीला शिंगं घासत बसतो.

२९ जून, रविवार

देणगीदारांना आवार दाखवलं. कुत्र्यांचे केनेल अजून बिनछपराचे, लपवले नाहीत. जिथे पैसे संपले तिथे पाटी लावली : ‘काम इथवर आलंय, पुढचं असं असं बाकी’. आजी आल्या होत्या, चाकाच्या खुर्चीतून. खूप वेळ शोषखड्ड्याबद्दल विचारत राहिल्या. केनेलबद्दल एक अक्षर नाही.

संख्येवरून पुन्हा वाद झाला. नियमित स्वयंसेवकांचे तास काकांनी वहीतून काढले. पहिल्या दिवशीच्या गर्दीतले थोडेच उरलेत, पण जे उरलेत ते पाऊस असला तरी येतात. त्यांच्या तासांवर चार कुत्री वाढवता येतील. दहा वाढवा असा आग्रह होता. काकांनी वही पुढे सरकवली आणि म्हणाले, उरलेल्या सहांचे दीड तास रोज कोण देणार त्याचं नाव या ओळीत लिहा. ओळ कोरीच राहिली. चार.

३ जुलै

पत्र्यांचे पैसे जमले, एका देणगीदाराचे सगळे नाही, बऱ्याच जणांचे थोडे थोडे. दर महिन्याला लहान रक्कम देणाऱ्यांची यादी आता मोठ्या देणग्यांच्या यादीपेक्षा लांब आहे, आणि चारा तिच्यावर चालतो. मिस्त्री सोमवारपासून येतायत. पाऊस असताना वेल्डिंग नाही, तोवर भिंतींचे गिलावे उरकायचे.

वाचलेलं पिल्लू लसीचा दुसरा डोस घेऊन मोठ्या आवारात गेलं. राणीने जाळीपासून दोन फूट मागे सरून उकरायला सुरुवात केलीय. आडवी जाळी आणखी दोन फूट वाढवायला किती लागेल ते मिस्त्रींना विचारायचं.